खर्रा : तरुणांचे मुखारोग्य आणि वैद्याची जबाबदारी

वाशीम, मालेगाव, रिसोड, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा या आपल्या सहाही तालुक्यांत व्यवसाय करणाऱ्या वैद्यबंधूंना एक विशिष्ट रुग्ण आता चांगलाच परिचित झाला आहे. वय अठरा ते तीसच्या दरम्यान. तक्रार साधी : वारंवार तोंड येते, भाजीचे तिखट सोसत नाही, घशाशी कोरड पडते. आपण बी-कॉम्प्लेक्स किंवा एखादी पित्तशामक योजना लिहून देतो आणि रुग्ण समाधानाने जातो. मात्र त्याला तोंड पूर्ण उघडावयास सांगितले असता ते पुरते उघडत नाही, गालाची आतली त्वचा पांढुरकी व ताठर दिसते आणि खिशात प्लॅस्टिकच्या पन्नीत बांधलेली पुडी असते. ती पुडी खर्र्याची होय.

दारू, कर्ज, नापिकी, लांबलेली लग्ने, बेरोजगारी या ग्रामीण तरुणांच्या प्रश्नांवर पुष्कळ लिहिले व बोलले जाते, आणि ते योग्यच आहे. खर्र्याकडे मात्र 'सवय' म्हणून पाहिले जाते, व्यसन म्हणून नव्हे. दारू पिऊन घरी येणाऱ्या मुलाला आई रागावते. खर्रा खाणाऱ्या मुलाकडून बाप स्वतःसाठी चिमूटभर मागून घेतो. घराने, गावाने आणि बऱ्याच अंशी वैद्यकानेही क्षुल्लक मानलेले हे द्रव्य मुखाच्या कर्करोगाचे एक प्रमुख कारण आहे. ते क्षुल्लक का वाटते, शास्त्रदृष्ट्या त्याचे स्वरूप काय आहे आणि आपला दवाखाना व आपले औषधी दुकान यांनी याबाबत नेमके काय करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

सुपारीचा मान आणि खर्र्याची उसनवारी

भाजलेल्या सुपारीचे बारीक तुकडे, तंबाखू आणि चुना एकत्र करून पन्नीवर घासून, घोटून केलेले मिश्रण म्हणजे खर्रा. नागपूर, चंद्रपूर, गडचिरोलीकडे तो घरोघर पोहोचला आहे. वऱ्हाडातील पानठेल्यांवरही तो सहज मिळतो. पश्चिम महाराष्ट्रातील मावा हा त्याचाच भाऊबंद.

समाजात सुपारीला मोठा मान आहे. पूजेत गणपती म्हणून सुपारी मांडली जाते. लग्न ठरले की 'सुपारी फुटली' असे आपण म्हणतो. पाहुण्यापुढे पानसुपारीचे तबक ठेवणे हा आतिथ्याचा भाग आहे, आणि कार्य अंगावर घेणे म्हणजे 'विडा उचलणे'. या मानाच्या आश्रयाने खर्रा घरात शिरला. लग्नमंडपात, तेरवीच्या कार्यक्रमात, सोयाबीनच्या सोंगणीवर, निवडणुकीच्या प्रचारात खर्रा वाटला जातो आणि घेणाऱ्यास त्यात संकोच वाटत नाही. 'काही नाही डॉक्टर, सुपारीच खातो' हे रुग्णाचे उत्तर खोटे नसते. तो खरोखरच असे मानत असतो. म्हणून उपचाराची पहिली पायरी विडा आणि खर्रा यांतील भेद रुग्णास समजावून सांगणे ही आहे. हे काम आयुर्वेदाच्या वैद्याइतक्या अधिकाराने दुसरा कोणीही करू शकणार नाही, कारण ताम्बूलाची परंपरा रुग्ण आपल्याच शास्त्राच्या नावे सांगत असतो.

संहितांत काय आहे, काय नाही

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात मुखवैशद्य, रुची व सौगंध्य यांसाठी जातीफल, लताकस्तुरी, पूग, लवंग, कंकोल, ताम्बूलपत्र, कर्पूर व सूक्ष्मैला ही द्रव्ये मुखात धारण करावीत असे सांगितले आहे. पूग तेथे अनेक सुगंधी द्रव्यांपैकी एक आहे. दिवसभर गालात दाबून ठेवावयाचे मुख्य द्रव्य नव्हे. सुश्रुत व वाग्भट या दोघांनीही ताम्बूलसेवनाचे निषेध सांगितले आहेत. रक्तपित्त, क्षत, मूर्च्छा, शोष व रूक्ष प्रकृती यांत ताम्बूल वर्ज्य मानले आहे. म्हणजे मूळ विडादेखील सर्वांना, सर्वकाळ विहित नव्हता.

भावप्रकाश निघंटूत पूग हे गुरु, शीत, रूक्ष, कषाय आणि 'मोहन' म्हटले आहे. 'मोहन' हे विशेषण लक्षात घेण्यासारखे आहे. सुपारीच्या मनावरील परिणामाची नोंद निघंटुकारांनी केलेली होती. कषाय रसाच्या अतियोगाची लक्षणे सांगताना चरकाचार्यांनी मुखशोष, वाणीचा निग्रह, स्रोतसांचा अवरोध आणि हृत्पीडा यांचा उल्लेख केला आहे. खर्रा खाणाऱ्या तरुणाचे कोरडे तोंड, अडखळणारा उच्चार आणि ताठ गाल पाहिले म्हणजे हे वर्णन वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

तंबाखूचा मात्र बृहत्त्रयीत कोठेही उल्लेख नाही आणि असू शकत नाही. ही वनस्पती अमेरिका खंडातील असून पोर्तुगीजांच्या व्यापारामार्गे भारतात आली. अकबराच्या कारकिर्दीच्या अखेरीस असद बेग या अधिकाऱ्याने विजापूरहून तंबाखू बादशाही दरबारात नेल्याची नोंद त्याच्याच वृत्तान्तात आहे, आणि जहांगीराने १६१७ मध्ये तिच्यावर बंदी घातली होती. योगरत्नाकरासारख्या उत्तरकालीन ग्रंथात 'तमाखू' आढळते ती या आगमनानंतर. तेव्हा तंबाखू घातलेल्या मिश्रणास ताम्बूलाची प्रतिष्ठा देण्यास शास्त्राचा आधार नाही, हे आपण रुग्णास निःसंदिग्धपणे सांगावयास हवे.

तोंडात काय घडते

खर्र्यातील तिन्ही घटक एकमेकांना साहाय्य करतात. सुपारीतील अरेकोलीन हे अल्कलॉइड श्लेष्मल त्वचेखालील तंतुनिर्मिती करणाऱ्या पेशींना उत्तेजित करते. सुपारीतील टॅनिन तयार झालेल्या तंतूंना घट्ट करून त्यांचे नैसर्गिक विघटन रोखते. तिच्यातील तांबे हे तंतूंना परस्परांत बांधणाऱ्या एन्झाइमची क्रिया वाढविते. चुन्यामुळे माध्यम क्षारधर्मी होऊन अल्कलॉइडांचे शोषण सुलभ होते. तंबाखूतील निकोटीनही त्याच मार्गाने वेगाने रक्तात जाते. भाजलेल्या सुपारीचे टोकदार कण गालाच्या त्वचेस सूक्ष्म क्षते करतात ते निराळेच. परिणामी त्वचेखाली तंतुमय पट्टे तयार होतात, गाल ताठ होतात, जिभेची हालचाल मंदावते आणि तोंड उघडणे कमी होत जाते. हाच मुखातील सबम्यूकस फायब्रोसिस होय.

या अवस्थेतील दोन गोष्टी रुग्णास स्पष्ट सांगावयास हव्यात. पहिली, एकदा तयार झालेले तंतुमय पट्टे सुपारी सोडल्यावर आपोआप नाहीसे होत नाहीत. सोडल्याने पुढील वाढ रोखता येते, म्हणूनच लवकर सोडण्यास महत्त्व आहे. दुसरी, ही कर्करोगपूर्व अवस्था आहे. केरळमधील एर्नाकुलम जिल्ह्यात अशा ६६ रुग्णांचा १७ वर्षे पाठपुरावा करण्यात आला. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ७.६ टक्के रुग्णांत कर्करोग उद्भवला होता.

'तंबाखू टाकत नाही, नुसती सुपारी खातो' हा युक्तिवादही टिकणारा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तंबाखूविरहित विडा आणि सुपारी ही दोन्ही मानवात कर्करोगकारक असल्याचा निष्कर्ष दिला आहे. तंबाखूमुळे हा धोका वाढतो. तंबाखू काढून टाकल्याने तो संपत नाही.

प्रौढांच्या तंबाखूसेवनाविषयी २०१६-१७ मध्ये झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत असल्याचे आढळले. धूम्रपान करणारे केवळ ३.८ टक्के होते आणि धूरविरहित तंबाखू घेणारे २४.४ टक्के. म्हणजे आपल्या राज्यात तंबाखूचा प्रश्न मुख्यतः तोंडाचा आहे, आणि तोंडाचे परीक्षण तर आपल्या हाती आहे.

बंदीचा इतिहास

महाराष्ट्र शासनाने गुटख्यावर पहिली बंदी १ ऑगस्ट २००२ पासून अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याखाली घातली होती. ती सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये रद्द ठरविली. पुढे अन्नसुरक्षा व मानके अधिनियम २००६ आल्यानंतर जुलै २०१२ मध्ये पुन्हा गुटखा व पानमसाल्यावर बंदी आली. २०१३ मध्ये तिची व्याप्ती सुगंधित तंबाखू व सुगंधित सुपारीपर्यंत वाढविण्यात आली, आणि हे आदेश पुढे वर्षागणिक वाढविले गेले. कारखान्यात तयार होणाऱ्या पुडीवर बंदी घालता येते. ठेल्यावर गिऱ्हाइकासमोर घोटल्या जाणाऱ्या पुडीवर नियंत्रण ठेवणे त्याहून कठीण. गुटख्याची जागा खर्र्याने घेतली असेल तर त्याचे कारण येथे आहे.

तथापि मुलांच्या बाबतीत कायदा दुबळा नाही. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याच्या सहाव्या कलमानुसार अठरा वर्षांखालील व्यक्तीस तंबाखूजन्य पदार्थ विकणे, तसेच शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या आत ते विकणे निषिद्ध आहे. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७७ अन्वये बालकास तंबाखूजन्य पदार्थ देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. घरातील वडीलधारी माणसे मुलाला पुडी आणावयास पाठवितात तेव्हा ठेलेवाल्याकडून कोणता गुन्हा करवून घेतात, याची त्यांना कल्पना नसते. ती देणे हेही लोकशिक्षणच आहे.

दवाखान्यातील परीक्षण

पुढील क्रम कोणत्याही खेड्यातील दवाखान्यात, कोणत्याही उपकरणाविना पाळता येण्यासारखा आहे.

१. बारा वर्षांवरील प्रत्येक रुग्णास, तक्रार कोणतीही असो, खर्रा, तंबाखू, सुपारी व मिश्री यांविषयी विचारावे. 'व्यसन आहे काय?' असे विचारल्यास उत्तर 'नाही' येते. 'दिवसातून किती पुड्या होतात?' असे विचारल्यास आकडा मिळतो. स्त्रियांना मिश्रीविषयी अवश्य विचारावे, गर्भिणीस तर विशेषत्वाने, कारण तंबाखूमुळे बालकाचे जन्मवजन घटते.

२. तोंड उघडण्याचे मोजमाप करावे. रुग्णाने स्वतःची तर्जनी, मध्यमा व अनामिका ही तीन बोटे एकावर एक उभी धरून वरच्या व खालच्या पुढील दातांमध्ये घालून पाहावी. तिन्ही बोटे सहज जात असल्यास उघडणे सामान्यतः पुरेसे समजावे. दोनच जात असतील तर दंतवैद्याकडे पाठवावे. एकच जात असेल तर विलंब करू नये. हे मोजमाप केसपेपरवर तारखेसह नोंदवावे.

३. गाल, ओठांची आतली बाजू, जिभेच्या कडा व जिभेखालील भाग टॉर्चच्या प्रकाशात पाहावा. पांढरा किंवा लाल चट्टा, कठीण गाठ, स्पर्श होताच रक्त येणारा व्रण, किंवा दोन ते तीन आठवड्यांत न भरणारा व्रण आढळल्यास त्याचे तुकडापरीक्षण झालेच पाहिजे. अशा व्रणावर क्षार, प्रतिसारण किंवा दाहक द्रव्यांचे प्रयोग करून काळ दवडू नये.

४. पाठविताना चिठ्ठी द्यावी आणि रुग्ण प्रत्यक्ष गेला की नाही हे विचारावे. वाशीम येथे जिल्हा रुग्णालय आहे व २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले आहे. नागपूरला शासकीय दंत महाविद्यालय व राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आहे. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या उपचारांचा समावेश असल्याने 'पैसे नाहीत' या एकाच कारणाने रुग्ण घरी बसू नये, हेही सांगावे.

५. पुढील भेटीची तारीख द्यावी. एकदाच केलेला उपदेश आणि पाठपुरावा यांत मोठा फरक पडतो.

तरुण रुग्णाशी बोलताना कर्करोगाच्या भयाचा उपयोग मर्यादित होतो. विशीतल्या मुलाला पन्नाशीतले मरण दूर वाटते. पोलिस भरतीची तयारी करणाऱ्यास धावताना होणारा दम, लग्नाळू मुलास दातांवरील डाग व मुखदुर्गंधी, आणि सर्वांनाच 'भाकरीचा घास तोंडात जाणार नाही' ही गोष्ट लवकर पटते. माझ्या दवाखान्यात आलेल्या एका तरुणास कर्करोगाची चित्रे दाखवून काहीही झाले नाही. तीन बोटांऐवजी दोनच जातात हे त्याने स्वतः आरशात पाहिले, तेव्हा तो गंभीर झाला. रुग्णाचे स्वतःचे तोंड हाच सर्वांत परिणामकारक तक्ता आहे.

सोडण्याचा क्रम

अहितकर सवय सोडण्याची पद्धत चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात सांगितली आहे. अहिताचा एक पाद कमी करावा व त्या जागी हिताचा एक पाद घालावा. मग उत्तरोत्तर वाढत्या अंतराने हा क्रम पूर्ण करावा. दिवसांच्या गणनेविषयी टीकाकारांत मतभेद असले तरी तत्त्व स्पष्ट आहे. दिवसाला आठ पुड्या खाणाऱ्यास प्रथम सहा, स्थिर झाल्यावर चार, त्यानंतर दोन आणि शेवटी शून्य असे नेता येते. यात दोन दक्षता आवश्यक आहेत. पुड्यांची संख्या घटली की रुग्ण प्रत्येक पुडी मोठी घेऊ लागतो. म्हणून तंबाखू व सुपारीचे प्रमाणही ठरवून द्यावे. दुसरे, शून्याची तारीख आरंभीच लिहून द्यावी, अन्यथा दोन पुड्यांवर गाडी वर्षानुवर्षे थांबते. धूम्रपानाविषयीच्या आधुनिक अभ्यासांत ठरलेल्या दिवशी एकदम सोडणाऱ्यांचे यश क्रमाने सोडणाऱ्यांपेक्षा कमी दिसत नाही. तेव्हा निर्धार असलेल्या रुग्णास एकदम सोडण्यापासून परावृत्त करू नये.

सोडल्यानंतरचे पहिले तीन दिवस सर्वांत कठीण असतात. चिडचिड, बेचैनी, निद्रानाश, मलावष्टंभ, एकाग्रतेचा अभाव ही लक्षणे साधारणपणे दोन ते चार आठवड्यांत ओसरतात. हे आधी सांगितले नसेल तर रुग्ण 'सोडल्यामुळे मी आजारी पडलो' असे समजून पुन्हा ठेल्यावर जातो. तलफ आली असता ती काही मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ बडीशेप, लवंग, वेलची, ओवा किंवा आवळकाठी तोंडात धरावी, पाणी प्यावे, जागा बदलावी. मलावष्टंभासाठी अनुलोमन, निद्रेसाठी पादाभ्यंग, मुखशोषासाठी तिळतेलाचा गंडूष आणि यष्टिमधूचा उपयोग प्रकृती पाहून करावा. तथापि ही साहाय्यक चिकित्सा आहे. तंतुमय पट्टे औषधाने विरघळतात असे आश्वासन देऊ नये. निकोटीनची तीव्र आसक्ती असलेल्यांना निकोटीनयुक्त गमसारख्या आधुनिक साधनांची गरज भासल्यास तशी शिफारस करण्यात वैद्यास कमीपणा नाही. केंद्र शासनाची १८००-११-२३५६ ही तंबाखूमुक्तीची निःशुल्क दूरध्वनी सेवा आहे. तो क्रमांक चिठ्ठीवर लिहून द्यावा.

सत्त्वावजय म्हणजे केवळ उपदेश नव्हे. अहितकर विषयांपासून मनाला परावृत्त करणे ही व्याख्या लक्षात घेतल्यास, ज्या ठेल्यावर मित्र जमतात तो ठेला, ज्या वेळेला पुडी लागते ती वेळ आणि ज्या माणसासोबत ती खाल्ली जाते तो माणूस, या तिन्ही बाबी रुग्णासोबत बसून ठरवाव्या लागतात. एखाद्या वेळी पुन्हा खाल्ले तर तो धृतिभ्रंश समजून उपचार चालू ठेवावा. रुग्णास लज्जित करून दवाखान्यापासून दूर लोटू नये.

औषधी विक्रेत्यांसाठी

या विषयात आपल्या क्षेत्राचा इतिहास निष्कलंक नाही. तंबाखू घातलेली दंतमंजने आयुर्वेदिक औषध म्हणून परवान्याने विकली जात होती. केंद्र शासनाने ३० एप्रिल १९९२ च्या अधिसूचनेने टूथपेस्ट व दंतमंजनात तंबाखूच्या वापरास बंदी घातली. एका उत्पादकाने तिला आव्हान दिले. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी वैध ठरविली. 'आयुर्वेदिक' या शब्दाची ढाल करून तंबाखू विकता येणार नाही, हा त्या प्रकरणाचा बोध आहे आणि तो आजही ताजा आहे.

म्हणून दुकानदारबंधूंनी पुढील गोष्टी पाहाव्यात. मुखवासाच्या व पाचक गोळ्यांच्या वेष्टनावरील घटकद्रव्ये वाचावीत. सुपारी असलेला मुखवास खर्रा सोडणाऱ्यास देऊ नये. खदिरादि गुटिका ही मुखरोगांत आपण सर्रास देतो. परंतु तिच्या काही प्रचलित पाठांत पूग हे घटकद्रव्य आहे. प्रमाण अल्प असले तरी सुपारी पूर्णतः थांबवावयाच्या रुग्णासाठी लेबल पाहून पूगविरहित कल्पच निवडावा. भांगयुक्त गोळ्या 'आयुर्वेदिक औषध' या नावाने पानठेल्यांवर विकल्या गेल्याचे प्रकार देशाच्या अनेक भागांत उघड झाले आहेत. भांग ही औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावलीच्या ई (१) परिशिष्टातील द्रव्य आहे. अशा पोटात घ्यावयाच्या कल्पावर 'वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे' अशी सूचना बंधनकारक असते. ती तरुणाच्या हाती चिठ्ठीविना देणे म्हणजे एक व्यसन सोडवून दुसरे लावणे होय.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे 'नकळत जेवणात मिसळून द्या, व्यसन सुटेल' अशा चूर्णांना आपल्या दुकानात थारा देऊ नये. आई किंवा पत्नी मोठ्या आशेने असे चूर्ण मागावयास येते. त्यात काय आहे हे तिला ठाऊक नसते आणि पुष्कळदा विकणाऱ्यालाही नसते. रुग्णाच्या संमतीविना दिलेले अज्ञात द्रव्य ही चिकित्सा नव्हे. त्यातून काही अपाय झाला तर दोष त्या माउलीच्या माथी येतो आणि रुग्णाचा घरच्या अन्नावरील विश्वास उडतो. अशा वेळी 'त्याला घेऊन या' एवढे सांगणे हेच खरे औषध आहे.

घर आणि गाव

आर्थिक बाजू घरच्यांना आकड्यांनी समजावून द्यावी. एका तरुणाचा खर्र्यावरचा रोजचा खर्च ५० रुपये धरला तर वर्षाला १८,२५० रुपये होतात. २०२४-२५ च्या हंगामातील सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. त्या दराने हे जवळजवळ पावणेचार क्विंटल सोयाबीन झाले. घरात खाणारे दोघे असतील तर साडेसात. कोरडवाहू शेतकऱ्याला हा हिशेब दुसऱ्या कोणी समजावून सांगावा लागत नाही. मांडून दाखविला की पुरे.

ज्या घरात बाप, काका व मोठा भाऊ खातात, त्या घरातील मुलाने एकट्याने सोडणे जवळजवळ अशक्य असते. म्हणून शक्य तेथे बापलेकांस एकत्र बोलवावे व दोघांना एकच तारीख द्यावी. गावपातळीवर ग्रामसभेचा ठराव, लग्नपत्रिकेत 'मंडपात खर्रा-तंबाखू ठेवली जाणार नाही' अशी एक ओळ, शाळेभोवतीच्या १०० यार्डांची प्रत्यक्ष मोजणी या गोष्टी खर्चाविना होण्यासारख्या आहेत. गडचिरोली जिल्ह्यात २०१६ पासून 'मुक्तिपथ' उपक्रमाद्वारे दारू व तंबाखू यांविरुद्ध गावोगावी संघटित काम झाले; केवळ बंदीवर विसंबून न राहता लोकजागृती, गावाची कृती, प्रशासनाची अंमलबजावणी आणि व्यसनींवर उपचार यांची सांगड घालणे, ही त्याची दिशा आपल्याकडेही अनुकरणीय आहे. पोहरादेवीच्या रामनवमी यात्रेसारख्या प्रसंगी आपल्या संघटनेने मुखतपासणीचा एक तंबू उभारल्यास एका दिवसात शेकडो तोंडे पाहता येतील.

२०११ च्या जनगणनेनुसार ११,९७,१६० लोकसंख्येच्या आणि चार-पंचमांशाहून अधिक ग्रामीण असलेल्या या जिल्ह्यात खेड्यातील रुग्ण प्रथम ज्याच्याकडे येतो तो बहुधा बी.ए.एम.एस. वैद्य किंवा गावातील औषधी दुकानदार असतो. दंतवैद्याकडे तो दात दुखल्यावरच जातो आणि कर्करोगतज्ज्ञाकडे उशीर झाल्यावर. त्यामुळे ही व्याधी सुरुवातीसच पाहण्याची संधी सर्वांत अधिक आपल्याला मिळते.

तेव्हा व्यवसायबंधूंना विनंती अशी की, पुढील अंक हाती येईपर्यंतच्या तीन महिन्यांत येणाऱ्या प्रत्येक तरुण रुग्णास तोंड उघडावयास सांगावे, तीन बोटांचे मोजमाप केसपेपरवर लिहावे, आणि किती रुग्णांत ती बोटे गेली नाहीत याचा आकडा जिल्हा शाखेकडे द्यावा. आपल्यापैकी ज्यांच्या स्वतःच्या खिशात पुडी आहे त्यांनी आरंभ तेथूनच करावा, कारण रुग्ण वैद्याचे बोलणे ऐकण्याआधी त्याचे दात पाहतो.